दिलासा दूरध्वनीवर, जबाबदारी वाऱ्यावर

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराचा मुलगा आज महाविद्यालयात जातो. बापाला जे मिळाले नाही ते मुलाला मिळत आहे, आणि यात चळवळीचा वाटा मोठा आहे. परंतु घर कोपरखैरण्यातील एका खोलीचे, फी कर्ज काढून भरलेली, आणि साऱ्या घराच्या आशा एका पदवीवर खिळलेल्या. हा मुलगा खचला तर त्याने मोबाइलवरून समुपदेशकाशी बोलावे, असे त्याला सांगण्यात येते. बोलावे कोठे? आई, आजी व धाकटी भावंडे बसलेल्या खोलीत मनातील काळोख उघड करता येत नाही. तो जिन्यात जातो आणि कोणी आले की फोन बंद करतो.

ऑनलाइन समुपदेशन निरुपयोगी आहे, असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. खाडीपलीकडे देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2012 सालीच ‘आयकॉल’ ही दूरध्वनी व ई-मेलवरील सेवा सुरू केली. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्यास पाठ असावा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक! पुरोगामीपणाचा टेंभा मिरवणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे.

मात्र ताण हा केवळ मनाचा दुबळेपणा ठरवला की व्यवस्था मोकळी सुटते. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीवाचून अमलात आणली. निकाल रखडले, पुढील प्रवेश अडले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. त्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात विद्यार्थ्यांना दीर्घ श्वसनाचे धडे देणे ही क्रूर थट्टाच ठरली असती. त्यांना निकाल हवा होता. शिष्यवृत्ती थकलेल्या मुलीला शिष्यवृत्ती हवी असते. आणि तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक दोन महाविद्यालयांत धावाधाव करीत असेल, तर कोणता मुलगा गप्प झाला आहे हे त्याच्या ध्यानात यावे तरी कसे?

वाशीतील एका महाविद्यालयास कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे. कर्मवीरांनी गरिबांच्या मुलांस वसतिगृह दिले, कमवा व शिका योजनेतून काम दिले. ते समुपदेशन नव्हते. पण पोर एकटे पडत नव्हते.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले, की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी. यातील ‘अथवा’मध्येच संस्थाचालकांची पळवाट दडली आहे. एखाद्या कंपनीशी करार करावा, विद्यार्थ्यांच्या हाती ॲप द्यावे, आणि वर त्याचा खर्च फीमध्ये मिळवावा, एवढ्यावर कागदोपत्री पूर्तता होऊ शकते. म्हणून विद्यार्थी आघाडीच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्राचार्यांकडे लेखी विचारणा करावी: समुपदेशक पूर्णवेळ आहे काय, त्याचे वेतन कोण देतो, आणि दार लावून बोलता येईल अशी खोली महाविद्यालयात कोठे आहे?