हिशेब पैशांचा आणि शिकण्याचा

देवबंद हे आजच्या उत्तर प्रदेशातील गाव. १८६६ साली तेथील छत्ता मशिदीत एक मदरसा सुरू झाला. उस्ताद एक, शागिर्द एक आणि बसायला डाळिंबाच्या झाडाची सावली. दोघांचेही नाव महमूद होते! पुढे हाच मदरसा दारुल उलूम म्हणून दूरदूरच्या देशांत प्रसिद्ध झाला.

लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र झाडापेक्षा तेथील कारभार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी बरेच विद्यार्थी उस्तादांच्या घरी किंवा मशिदीच्या कोपऱ्यात बसून, जमेल तशी एकेक किताब शिकत. देवबंदने ठरावीक अभ्यासक्रम आखला, पगारी शिक्षक नेमले, दरवर्षी परीक्षा घेतली. एखाद्या नवाबाच्या मेहेरबानीवर न राहता सामान्य लोकांकडून चंदा गोळा केला आणि त्याचा हिशेब दरवर्षी छापून लोकांपुढे ठेवला.

आपल्या मदरशांत आणि संस्थांच्या उर्दू शाळांत चंद्याचा हिशेब असतो. पण शिकण्याचा हिशेब कोण ठेवतो? मी पूर्वी एका शाळेत नोकरीला होतो. तेथे कमिटीच्या बैठकीत फाटकाच्या रंगावर दीड तास चर्चा झाली. गणिताच्या शिक्षकाची जागा सहा महिने रिकामी होती. तो विषय निघालाच नाही. सभासद वाईट नव्हते. त्यांनी स्वतःच्या खिशातून बाके दिली होती. पण वर्गात बसून एखादा तास ऐकावा, हे त्यांना कधी सुचले नाही. (आम्हा शिक्षकांनाही ते नकोच होते, हे कबूल करतो.)

केरळात अनेक मुले सकाळी मदरशात जातात आणि मग शाळेत. तेथे 'समस्त' या उलेमांच्या संघटनेने १९५१ साली मदरशांसाठी एक मंडळ स्थापन केले. हजारो मदरशांत त्याचा एकच अभ्यासक्रम चालतो. मंडळाचे मुफत्तिश, म्हणजे तपासनीस, मदरशांना भेटी देतात. पाचवी, सातवी व दहावीला सामाईक परीक्षा असते. त्यामुळे एखाद्या खेड्यातला मदरसा मागे पडला, तर ते झाकून राहत नाही.

आपल्या कमिट्यांनी एवढे तरी करावे. बैठकीत आधी शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि मुलांची हजेरी पाहावी, मग इमारत. वार्षिक जलशात चंद्याच्या यादीबरोबर हेही वाचून दाखवावे, की चौथीतील किती मुलांना न अडखळता एक पान वाचता येते. पहिल्या वर्षी आकडा लाजिरवाणा निघेल. निघू द्यावा.