झोप लागते का, हे मुलालाच विचारा

ब्लड कॅन्सरवर मुंबईला उपचार सुरू असलेली चौदा-पंधरा वर्षांची मुले अधूनमधून आमच्याकडे येतात. ‘झोप कशी आहे?’ असे विचारले की उत्तर आई देते. ‘दिवसभर झोपूनच असतो हो!’ मुलगा गप्प. रात्री दोनला तो टक्क जागा असतो, हे तिला कळणार कसे? दिवसभराच्या दगदगीने तिचा डोळा लागलेला असतो.

ताप आपण थर्मामीटरने मोजतो, पांढऱ्या पेशी लॅबमध्ये. झोप मात्र अंदाजाने. हे मला पटत नाही. झोपेच्या प्रश्नावल्या आहेत. पिट्सबर्गची १९८९ सालची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. २१ पैकी ५ हून अधिक गुण म्हणजे झोप बिघडलेली. पण ती मोठ्यांसाठी बनवलेली. लहानांची आईबाप भरतात. १२ ते १८ वयासाठी वेगळी आहे, ती मुलाने स्वतः भरायची असते, आणि तेच योग्य. मनगटावर बांधायचे यंत्रही मिळते. ते हालचालीवरून झोप टिपते. मात्र निपचित पडून आढ्याकडे बघणारा मुलगा त्याला झोपलेलाच वाटतो!

आपल्याला एक वही पुरे. दोन आठवडे रोज सकाळी मुलाने लिहावे: किती वाजता पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, कितीदा जाग आली व कशाने (दुखणे, मळमळ, लघवी, भीती), दिवसा किती झोपलो. आईने भरू नये. भीतीचा रकाना आईसमोर कोण भरणार?

हा खटाटोप कशासाठी? या उपचारातील डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही औषधे झोप उडवतात. गोळीची वेळ बदलता येईल का, हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. घरी परस्पर बदल करू नये, गोळी बंद तर मुळीच करू नये. दुखण्याने जाग येत असेल तर उपाय निराळा. मेंदूत गाठ असलेला मुलगा दिवसाही सारखा पेंगत असेल तर ते लगेच कळवावे. केमिस्टकडून झोपेची गोळी आणणे हा मात्र उपाय नव्हे.

मोठ्या इस्पितळात गर्दी फार, डॉक्टरांना वेळ थोडा. तोंडी हकिगत अर्ध्यात राहते, वही मिनिटात वाचून होते. पुढच्या फेरीला ती फाइलमध्ये ठेवावी आणि कोणी विचारले नाही तरी मुलानेच पुढे करावी.