सस्कॅचेवानची पुण्याई कोणाची?

२००४ साली कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने सर्वश्रेष्ठ कॅनेडियन कोण, असा कौल देशवासीयांकडे मागितला. पहिला मान मिळाला तो टॉमी डग्लस यांना. डग्लस हे मूळचे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. पुढे सस्कॅचेवान या गव्हाच्या प्रांताचे १९४४ ते १९६१ अशी सतरा वर्षे मुख्यमंत्री. सरकारी खर्चाने सर्वांना औषधोपचार देणारी व्यवस्था हा आज कॅनडाचा अभिमान समजला जातो आणि तिचे जनकत्व डग्लस यांना दिले जाते. त्यांच्या बालपणाची एक हकिगत तिकडे नेहमी सांगतात. लहानपणी त्यांच्या पायाचे हाड सडले होते, घरात पैसा नव्हता, पाय कापण्याची वेळ आली होती. तेव्हा विनिपेगच्या एका शल्यविशारदाने, विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी एवढ्या अटीवर फुकट उपचार केले आणि पाय वाचला. उपकृत मुलगा मोठा झाला आणि त्याने सर्वांसाठी दवाखान्याची दारे उघडली.

हकिगत खरी आहे. मात्र तिच्यातून जे तात्पर्य काढले जाते ते आम्हाला मान्य नाही. एक दयाळू डॉक्टर, एक कृतज्ञ बालक आणि एक थोर कायदा, अशी ही इतिहासाची संतचरित्रासारखी मांडणी आहे. संतचरित्राचे महत्त्व आम्ही धर्मगुरूंनी नाकारण्याचे कारण नाही. पण राजकारणाचे संतचरित्र झाले की सामान्य माणूस त्यातून नाहीसा होतो, नेत्याच्या चुका झाकल्या जातात आणि ज्यांना न्याय मिळालाच नाही त्यांची आठवणही उरत नाही. सस्कॅचेवानच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी घडल्या आहेत.

प्रथम सामान्य माणसाकडे वळू. १९१४-१५च्या सुमारास, म्हणजे डग्लस शाळकरी मुलगा असताना, सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेतील शेतकऱ्यांपुढे एक पेच उभा राहिला. गावचा एकुलता एक डॉक्टर पोट भरत नाही म्हणून निघून जाण्याच्या बेतात होता. शेतकऱ्यांनी सभा घेतली आणि कराच्या पैशातून त्याला ठरावीक रक्कम देण्याचे ठरविले. १९१६ साली अशा व्यवस्थेला कायद्याचा आधार मिळाला. त्याच सुमारास शेजारशेजारच्या पालिकांनी एकत्र येऊन इस्पितळे चालविण्याची वाटही मोकळी झाली. १९२९ मध्ये या प्रांताने क्षयरोगावरील उपचार मोफत केले. १९२४च्या सुमारास हजारो शेतकऱ्यांनी धान्यव्यापाऱ्यांच्या मक्तेदारीला कंटाळून आपला सहकारी गहू संघ उभारला. १९४६ साली स्विफ्ट करंट भागातील लोकांनी स्वतःवर कर बसवून घेऊन आपल्या विभागापुरती संपूर्ण वैद्यकीय योजना सुरू केली. १९४७च्या १ जानेवारीस प्रांतभर इस्पितळ विमा आला आणि १९६२च्या १ जुलैस सर्वांसाठी वैद्यकीय सेवा. या दोन तारखा शाळेच्या पुस्तकांत येतात. आधीची तीस वर्षे येत नाहीत. पाया शेतकऱ्यांनी घातला, कळसावर नाव मात्र मुख्यमंत्र्यांचे कोरले गेले.

हा पाया घालताना रक्तही सांडले. १९३१च्या सप्टेंबरात एस्टेव्हान येथे संपावरील कोळसा खाणकामगारांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन खाणकामगार ठार झाले. १९३५च्या १ जुलैस रेजायना शहरात, राजधानी ओटावाकडे निघालेल्या बेकारांच्या सभेवर पोलीस तुटून पडले. दुष्काळाने जमिनीची धूळ झाली होती आणि गव्हाचा भाव कोसळला होता. अशा काळात, १९३३ साली, याच रेजायनामध्ये शेतकरी, कामगार आणि समाजवादी विचारवंतांच्या 'को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन' या पक्षाने आपला जाहीरनामा मंजूर केला. भांडवलशाहीचे उच्चाटन होईपर्यंत आपले सरकार स्वस्थ बसणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती.

या सर्व काळात आमचे चर्च कोठे उभे होते? हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात कू क्लक्स क्लॅन ही द्वेषसंघटना या प्रांतात फोफावली. तेथे तिचे प्रमुख लक्ष्य होते कॅथोलिक आणि पूर्व युरोपातून आलेले स्थलांतरित. त्या विषारी वातावरणात १९२९ साली अँडरसन यांचे सरकार सत्तेवर आले आणि पुढच्याच वर्षी सार्वजनिक शाळांत धार्मिक चिन्हे व धर्मभगिनींचा वेश यांवर बंदी आली. क्रूस भिंतीवरून उतरविणारे हात समाजवाद्यांचे नव्हते. ते प्रतिष्ठित, परंपरानिष्ठ पक्षाच्या पुढाऱ्यांचे होते. असे असूनही धर्मपीठावरून इशारे दिले गेले ते समाजवाद्यांविरुद्ध. १९३१च्या पोपमहोदयांच्या परिपत्रकाचा आधार घेऊन माँट्रियलच्या आर्चबिशपांनी १९३४ साली या नव्या पक्षावर टीकेचा आसूड ओढला. कॅथोलिकांना कोणत्याही ख्रिस्ती परंपरा मानणाऱ्या पक्षाला मत देण्याची मोकळीक आहे, हे कॅनडाच्या बिशपांनी जाहीर करायला १९४३ साल उजाडले. त्यानंतरच्या वर्षी सस्कॅचेवानमध्ये त्या पक्षाने ४७ जागा जिंकल्या.

तरीही संशय संपला नाही. युजीन कलिनेन या बॅसिलियन संघाच्या धर्मगुरूने या पक्षाला उघड पाठिंबा दिला, तेव्हा त्यांना सस्काटूनचा धर्मप्रांत सोडावा लागला. उलट, १९६२च्या उन्हाळ्यात विल्कॉक्सचे फादर अॅथॉल मरी हे वैद्यकीय योजनेविरुद्ध रक्तपाताची भाषा करीत प्रांतभर फिरत होते. त्यांची प्रतिष्ठा मात्र अबाधित राहिली. गरिबांची बाजू घेणारा धर्मगुरू 'राजकारणी' ठरतो आणि श्रीमंतांची बाजू घेणारा 'स्पष्टवक्ता' ठरतो, हे माप केवळ कॅनडातच वापरले जाते असे नाही.

त्या १९६२च्या संपाची कथा थोडी विस्ताराने सांगायला हवी. योजना सुरू झाली त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी आपले दवाखाने बंद केले. तेव्हा डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले होते. वादळ अंगावर घेतले ते त्यांच्या जागी आलेल्या वूड्रो लॉईड या अबोल शिक्षकाने. 'आमचे डॉक्टर राखा' अशा नावाच्या समित्या निघाल्या, वृत्तपत्रे सरकारवर तुटून पडली, साम्यवाद दाराशी आल्याची हाकाटी झाली. लॉईड डगमगले नाहीत. ब्रिटनमधून डॉक्टर आणले गेले. नागरिकांनी वर्गणी काढून स्वतःचे सामुदायिक दवाखाने उघडले. तेवीस दिवसांनी, २३ जुलै रोजी, तडजोड झाली. योजना टिकली, परंतु डॉक्टरने प्रत्येक तपासणीगणिक बिल लावावे ही जुनी खाजगी रीत कायम राहिली. जे सामुदायिक दवाखाने लोकांच्या हाती राहिले असते, ते कडेला पडले. पैसा जनतेचा, कारभार व्यावसायिकांचा, असा तो करार होता. दोन वर्षांत लॉईड निवडणूक हरले. सर्वश्रेष्ठ कॅनेडियन निवडताना त्यांचे नाव फारसे कोणास आठवले नाही.

परंतु सर्वांत मोठी विस्मृती याहून जुनी आहे. औषधोपचाराचे पहिले सार्वजनिक वचन त्या भूमीवर १९४७ किंवा १९६२ साली दिले गेलेले नाही. ते १८७६ साली दिले गेले. त्या वर्षीच्या सहाव्या करारात क्री लोकांनी आपली विस्तीर्ण भूमी ब्रिटिश राणीच्या सरकारला दिली आणि मोबदल्यात ज्या थोड्या गोष्टी मागितल्या त्यांत औषधांची एक पेटी होती; सरकारी अधिकाऱ्याच्या घरी ती कायम ठेवली जावी, असे कलम करारात आहे. त्या वचनाचे काय झाले? गवे संपले, दुष्काळ आला आणि गोदामांत धान्य असताना, राखीव वस्तीत गेल्याशिवाय शिधा मिळणार नाही, असे सरकारने भुकेलेल्यांना बजावले. १८८५च्या उठावानंतर लुई रिएल यांना रेजायनात फाशी झाली आणि त्याच महिन्यात बॅटलफर्ड येथे आठ आदिवासींना एकाच वेळी फासावर चढविले गेले. १९६६ साली प्रांताच्या अपील न्यायालयाने, करारातील औषधाची पेटी म्हणजे केवळ पेटीच, असा अर्थ लावला. सर्वांसाठी मोफत उपचार सुरू होऊन चार वर्षे झाली होती. मूळ मालकांचा हक्क मात्र एका लाकडी खोक्याएवढा ठरला.

समाजवादी म्हणविणाऱ्या सरकारलाही करारबद्ध आदिवासींना प्रांतिक निवडणुकीत मताधिकार देण्यास १९६० साल लागले. ज्या व्यथित गोष्टी आपल्या धर्मबांधवांना ऐकायला जड जातात त्याही येथे सांगितल्या पाहिजेत. आईबापांपासून तोडलेल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांपैकी अनेक आमच्या संघांनी चालविल्या. २०२१ साली, कावेसिस वस्तीत, मारिव्हल येथील कॅथोलिक निवासी शाळेच्या जागी ७५१ निनावी कबरींच्या खुणा सापडल्या. त्या सर्व मुलांच्याच असतील असे नाही. पण ज्या कबरींवर नाव नाही त्यांचा जाब कोणीतरी द्यायचाच असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली कॅनडात जाऊन क्षमा मागितली. ती क्षमायाचना म्हणजे प्रकरणाचा शेवट, असे मानणाऱ्यांनी प्रायश्चित्त संस्काराचा अर्थ पुन्हा वाचावा. पश्चात्तापानंतर भरपाई येते.

शेवटचा प्रश्न वारसांचा. डग्लस यांचा पक्ष पुढे न्यू डेमोक्रॅटिक पक्ष झाला. अॅलन ब्लेकनी यांच्या सरकारने १९७५-७६ मध्ये खताला लागणाऱ्या पोटॅशच्या खाणींचा मोठा हिस्सा सार्वजनिक मालकीत आणला, हे धाडसाचे काम होते. १९८०च्या दशकात ग्रँट डिव्हाईन यांच्या उजव्या सरकारने ती कंपनी विकायला काढली आणि प्रांत कर्जात बुडविला. मग १९९१ साली लोकांनी पुन्हा डग्लस यांच्या वारसांना निवडले. वारसांनी काय केले? रॉय रोमानो यांच्या सरकारने १९९३ साली ग्रामीण भागातील ५२ इस्पितळे बंद केली किंवा त्यांचे रूप पालटून टाकले. ज्या खेड्यांतील आजोबांनी कर भरून ती उभारली होती, त्याच खेड्यांतली. १९९९ साली परिचारिकांनी संप पुकारला तेव्हा काही तासांतच कायदा करून त्यांना कामावर परतण्याचा हुकूम दिला गेला. परिचारिकांनी तो धुडकावला, आणि आमच्या मते डग्लस यांचा खरा वारसा त्या दिवशी विधिमंडळात नव्हे, रस्त्यावर होता.

कर्ज खरे होते, दुसरा मार्ग नव्हता, असे कोणी म्हणेल. कर्ज खरे होते हे आम्हीही मानतो. पण ते कोणाच्या ताटातून फेडायचे, हा हिशेबनिसाचा प्रश्न नसतो. तो नीतीचा प्रश्न असतो. इस्पितळे गेल्यावर गावाचा आपल्या सरकारवरचा विश्वासही गेला. शेतकऱ्यांचा गहू संघ १९९६ मध्ये शेअरबाजारात उतरला आणि २००७ मध्ये दुसरी कंपनी ताब्यात घेतल्यावर त्याचे जुने नावही पुसले गेले. त्याच वर्षी उजवा सस्कॅचेवान पक्ष सत्तेवर आला. १९४६ पासून खेड्यापाड्यांना जोडणारी सरकारी बससेवा त्याने २०१७ साली बंद केली. गावचे इस्पितळ गेले होते. आता शहरातील इस्पितळापर्यंत जाण्याची गाडीही गेली.

कॅनडात गेलेली आपली माणसे तिथल्या दवाखान्याचे कौतुक पत्रांतून आणि फोनवरून करतात. ते कौतुक रास्त आहे. परंतु ती व्यवस्था कोणा पुण्यवंताने दान दिलेली नाही. ती कर भरून, वर्गणी काढून, संप करून, गोळ्या झेलून मिळविलेली आहे, आणि मिळविणारे सैल पडले तेव्हा तिचे तुकडे होत गेले. दयेने एका मुलाचा पाय वाचला, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानू. पण दुसऱ्या मुलाचा पाय वाचावा म्हणून पुन्हा एखाद्या दयाळू डॉक्टरची वाट पाहणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे. आणि जे लोक आपल्या हक्कासाठी एकत्र येतात त्यांना धर्माच्या नावाने घाबरविणे, हे तर पाप आहे; मग ते विल्कॉक्सच्या व्यासपीठावरून घडो की आपल्या धर्मग्रामातील प्रवचनपीठावरून.