पिकअप विकत मिळतो का?



पिकअप म्हटले की इथे वाढलेल्या मुलांच्या डोळ्यांसमोर ट्रक उभा राहतो. आमच्या पिढीला मात्र पिकअप म्हणजे ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर गाडी किती चटकन उचल घेते ते. पुण्यात कोणी सेकंडहँड स्कूटर बघायला गेला की पहिला प्रश्न "ॲव्हरेज काय देते?" आणि दुसरा "पिकअप कसा आहे?" आता आपल्या वर्गातल्या काही मुलांच्या हाती लायसन्स आले आहे, आणि शनिवारी वर्ग सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये तोच दुसरा प्रश्न नव्या नावाने ऐकू येतो: थ्रॉटल रिस्पॉन्स. जुनी सुबारू बीआरझेड किंवा टोयोटा ८६ घ्यायची, तिला दोन-तीनशे डॉलरचा पेडल बॉक्स लावायचा, की गाडी एकदम "जिवंत" होते म्हणे. यावर घरोघरी एकच उत्तर मिळते, "असले उद्योग नकोत." मुले तो बॉक्स घेऊ पाहतात तेही मला पटत नाही, आणि आपण काही न विचारता नको म्हणतो तेही पटत नाही.

आधी आत काय होते ते पाहू. १९८९ साली आलेली माझदा मियाटा ही साधी गाडी. तिच्यात पेडलपासून इंजिनपर्यंत एक तार जात असे, स्कूटरला असते तशीच. पेडल दाबले की तार ओढली जाई, थ्रॉटल बॉडीतली गोल झडप तेवढी उघडे आणि हवा आत जाई. तार ढिली झाली की पिकअप गेला. पान्याने ताण दिला की परत आला. २०१२ साली आलेल्या बीआरझेडमध्ये ती तार नाही. पेडलपाशी दोन सेन्सर असतात (एक खोटे बोलू लागला तर दुसऱ्याने पकडावे म्हणून दोन). ते पायाची जागा कॉम्प्युटरला कळवतात आणि झडप एक मोटर उघडते. पाय म्हणजे नुसता अर्ज. मंजूर किती करायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. धूर कमी निघावा, गियरना झटका बसू नये, चाक घसरू लागले तर ताकद कमी करता यावी, अशी बरीच कारणे त्यामागे असतात. जाणवतो तो उशीर पुष्कळदा मुद्दामच ठेवलेला असतो.

पेडल बॉक्स बसतो तो पेडल आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये, आणि पायाचा आकडा वाढवून सांगतो. तुम्ही तीस टक्के दाबले तर तो पुढे "पंचावन्न" असे कळवतो. गाडी अर्थातच उडी मारते. पण पेडल पूर्ण दाबा. आता शंभराचे शंभरच. ताकद एका घोड्यानेही वाढलेली नसते. घरच्या कॉम्प्युटरवर माऊसचा वेग वाढवला तर बाण पडद्यावर सुसाट पळतो, म्हणून काही कॉम्प्युटर वेगवान होत नाही. आणि हीच करामत बऱ्याच गाड्यांमध्ये "स्पोर्ट" नावाचे बटण फुकटात करते, ते आधी दाबून पाहावे.

मोठी थ्रॉटल बॉडी विकणाऱ्यांचाही हिशेब बहुतेक असाच. साठ मिलिमीटरची झडप काढून पासष्टची बसवली तर क्षेत्रफळ सतरा टक्क्यांनी वाढते (दहावीतल्यांनी करून पाहावे). त्यामुळे थोड्याशा दाबानेच जास्त हवा जाते आणि गाडी तरतरीत वाटते. पण मूळ झडप पूर्ण उघडल्यावर इंजिनला हवी तेवढी हवा मिळतच असेल, तर शेवटी हाती काही लागत नाही. हा पेडल बॉक्सच झाला, फक्त ॲल्युमिनियमचा.

पैसा विचार करून घालायचा असेल तर मियाटासारख्या गाडीला मी हलके फ्लायव्हील सुचवीन. इंजिनच्या मागे बसवलेले हे जड चाक. इंजिनला वेग बदलायचा तर आधी यालाही फिरवावे लागते. मूळ चाकाच्या जवळपास निम्म्या वजनाची फ्लायव्हील्स मिळतात. फरक खरा असतो, पण कुठे? गियरच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये आणि गियर खाली घेताना इंजिन चटकन बोलते. पाचव्यात हायवेवर जाणवतही नाही. त्याबदल्यात सिग्नलला उभी असताना गाडी थोडी थरथरते, आणि निघताना क्लच सोडायला पाय सरावलेला लागतो. शिवाय गियरबॉक्स उतरवल्याशिवाय हे काम होत नाही, मजुरीच सुट्या भागाच्या वर जाते. तेव्हा क्लच बदलायची वेळ येईपर्यंत थांबावे आणि दोन्ही कामे एकदम करावीत.

बीआरझेडचे दुखणे आणखी वेगळे. तिच्या २.० लिटर इंजिनचा टॉर्क साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान खाली जातो. मुलांना जो "मेलेपणा" वाटतो त्यातला बराचसा हा खड्डा आहे, आणि पेडल बॉक्सने खड्डा बुजत नाही. हेडर आणि नवे ट्यूनिंग यांनी पुष्कळ बुजतो; पण त्या गाडीच्या मूळ हेडरमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. म्हणजे आपल्या कॅलिफोर्नियात कार्बच्या मंजुरीचा क्रमांक नसलेला हेडर लावला तर स्मॉग चेकला गाडी अडकणार. जुलै २०२१ पासून तर तिथे कॉम्प्युटरमधला प्रोग्रामही मूळचाच आहे का ते तपासतात. २०२२च्या मॉडेलपासून इंजिन २.४ लिटरचे आले तेव्हा कंपनीनेच हा खड्डा बराचसा भरला, यावरून काय ते समजावे. वॉरंटीची भीती मात्र आपण जरा जास्तच बाळगतो. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, असे दाखवावे लागते.

आता माझ्या खऱ्या काळजीबद्दल. नव्या ड्रायव्हरचा पाय पेडलच्या पहिल्या तृतीयांशात शिकतो. पार्किंगमधून हळूच निघणे, पावसात डावीकडे वळणे, पुढे कोणी रस्ता ओलांडत असताना सरकणे, सगळे तिथेच. पेडल बॉक्स नेमका तोच भाग आखडून टाकतो. वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाने तो लावला तर त्याची हौस. सोळाव्या वर्षी, मागची चाके ढकलणाऱ्या गाडीला, ओल्या रस्त्यावर तो लावणे मला मुळीच मान्य नाही. त्याच तीनशे डॉलरची भर घालून चांगले टायर घ्यावेत. घाण साठलेली थ्रॉटल बॉडी साफ करावी, एअर फिल्टर बदलावा. जुन्या गाडीचा निम्मा आळस त्यानेच जातो. मग स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेच्या ऑटोक्रॉसला नाव द्यावे. रिकाम्या लॉटमध्ये कोन मांडलेले असतात, डोक्यावर हेल्मेट, आणि गाडी घड्याळाशी शर्यत लावते. आपला पाय किती उशीर करतो आणि गाडी किती, हे तिथे सेकंदांत कळते.

पालकांना एवढेच म्हणेन की "नको" म्हणण्याआधी "कुठला उशीर?" हे विचारा. तार ढिली आहे, फिल्टर तुंबलाय, टॉर्कचा खड्डा आहे, की फक्त पेडलचा आकडा कमी जातोय? ज्या मुलाला याचे उत्तर देता येते त्याने अर्धे इंजिनीअरिंग केले, आणि तो तीनशे डॉलर फुकट घालवणार नाही. ज्याला येत नाही, त्यालाही शोधायला काम मिळाले. नुसते "नको" ऐकलेला मुलगा तो बॉक्स मित्राच्या गॅरेजमध्ये दहा मिनिटांत बसवून येतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

शोधायला फार काही लागत नाही. १९९६पासून इथल्या प्रत्येक गाडीत डॅशबोर्डखाली ओबीडीचा सॉकेट असतो. त्यात छोटा रीडर लावला की नव्या गाडीत पेडल किती टक्के आणि झडप किती टक्के, दोन्ही आकडे फोनवर शेजारी शेजारी दिसतात. चालवताना फोनकडे बघायचे नाही. शेजारी आई किंवा बाबांनी बसून लिहायचे. माझ्याकडे एक रीडर जास्तीचा आहे. मोठ्या वर्गातल्या कोणालाही हवा असेल तर शनिवारी मागून न्या आणि पुढच्या शनिवारी परत आणा. अट एकच: आकडे मला मराठीत वाचून दाखवायचे. झडप सेव्हन्टी नाइन टक्क्यांवर असली तर काय म्हणायचे, ते आधी आजीला विचारून या.