गर्भसंस्कार आणि अंगणातील रांजण

पहिल्या बाळंतपणासाठी लेकीने माहेरी यावे, ही आपली रीत. पुण्याहून चौसाळ्यास आलेल्या लेकीची ओटी भरताना अंगणातील रांजणातही डोकावावे. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला. २०२४ मध्ये पुण्यात अनेक गर्भवतींना लागण झाली. बहुतेकांना लक्षणे जाणवत नाहीत, परंतु विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. २०१५ साली ब्राझीलमध्ये मेंदूची वाढ खुंटलेली, लहान डोक्याची बालके जन्मास आली, तेव्हा जग जागे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बाधित मातांच्या ५ ते १५ टक्के बालकांत दोष उद्भवतात. यावर लस नाही.

एडिस डास दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दुष्काळी बीड जिल्ह्यात पाणी साठविणे हा दोष नव्हे, अपरिहार्यता आहे. म्हणून नियमित पाणी देणे हे शासनाचे कर्तव्य. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे हे समाजाचे. जेथे पाणी ओतणे परवडत नाही, तेथे भांडी घट्ट झाकावीत, हौदात गप्पी मासे सोडावेत. गर्भसंस्कार वर्ग भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा पाठ प्रथम द्यावा. उद्याचे राष्ट्र मातेच्या उदरात वाढते. त्याचे रक्षण अंगणापासून सुरू होते.