वृद्धाश्रमातले ताट : दान की हक्क?

वाढदिवसाला वृद्धाश्रमात जिलेबी जाते, वर्षश्राद्धाला शिरा-पुरी जाते. दात्याचा फोटो निघतो. पण उरलेल्या दिवशी त्या ताटात काय असते? अनेक ठिकाणी पातळ वरण, भात, पाणचट भाजी. त्यावर कोणी बोलत नाही, कारण दानाच्या गाईचे दात मोजायचे नसतात! आम्ही मात्र मोजणार.

म्हातारपणी भूक कमी होते, प्रथिनांची गरज कमी होत नाही. तज्ज्ञ वृद्धांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. पातळ वरणाच्या वाटीत तेवढीही नसतात. प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो, खुबा मोडतो आणि अंथरूण धरतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले की हातपाय बधिर होतात, विसर पडतो, मन खचते. आणि आपण म्हणतो, म्हातारचळ लागला! ही कमतरता रक्ताच्या तपासणीत कळते आणि वेळीच उपचार केले तर माणूस सावरू शकतो. पण तपासतो कोण? उलट, खचलेला माणूस आणखी कमी जेवतो आणि हे चक्र सुरूच राहते.

बी-१२ मिळते अंडी, मासे, मटण आणि दुधातून. पण 'आश्रम' म्हटले की अनेक ठिकाणी शाकाहाराची सक्ती येते आणि दूध चहापुरतेच उरते. आयुष्यभर सुकट-बोंबील खाल्लेल्या आजीने शेवटी दुसऱ्याचे सोवळे का पाळावे? ज्यांना अंडे नको त्यांना दूध, दही, उसळ जरूर द्या. पण निवड ज्याची त्याची असू द्या.

आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या आपल्या माणसांनी १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन खडी फोडली. त्यांचे शरीर आधीच झिजलेले आहे. सिद्धार्थ गौतमानेही देह सुकवणारे उपोषण सोडून अन्न घेतले, हे विसरू नका. उपाशी देहात चित्त स्थिर राहत नाही.

संविधानाचे कलम ४१ वार्धक्यात सरकारी साहाय्याची तरतूद करायला सांगते. कलम ४७ लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम १९ जिल्ह्यात किमान एक, १५० निराधार वृद्धांना सामावणारा वृद्धाश्रम असावा असे म्हणते. पण तिथे 'करील' नाही, 'करू शकेल' असा शब्द आहे. सरकार याच पळवाटेने निसटते.

म्हणून तरुणांनो, १४ एप्रिलला केळी वाटून फोटो काढण्यापेक्षा अनुदानित वृद्धाश्रमाचा आहारतक्ता माहिती अधिकारात मागा. दरमहा वजनाची नोंद, वर्षातून एकदा रक्ततपासणी, गरजूंना कवळी आणि ताटात रोज अंडे किंवा दूध, एवढ्या मागण्या घेऊन समाजकल्याण कार्यालयात जा. आपल्या म्हाताऱ्यांना पुण्याचे धनी नकोत, हक्काचे ताट हवे.

जय भीम!