कानाची शाळा

आमच्या वर्गांत एक मुलगा वाचतांना ‘पाणी’ या शब्दाचा उच्चार ‘पानी’ असा करी. आम्हीं त्याजकडून तो शब्द दहा वेळां म्हणवून घेतला. वर्ग हंसला, आणि पुढें बरेच दिवस तो मुलगा मोठ्यानें वाचीना. त्यास निष्काळजी समजण्यांत आमचीच चूक झाली, हें कबूल करणें प्राप्त आहे.

बोलतांना आपण शब्दाशब्दांमध्यें थांबत नाहीं; अक्षरांचा ओघ अखंड चालतो. त्यांत एक शब्द कोठें संपला आणि दुसरा कोठें लागला, हें तान्ह्या मुलास कोण सांगतें? इ. स. १९९६ मध्यें अमेरिकेंतील सॅफ्रन, अ‍ॅस्लिन व न्यूपोर्ट या संशोधकांनीं ८ महिन्यांच्या बालकांस तीन तीन अक्षरांच्या चार अर्थहीन शब्दांचा प्रवाह अवघीं २ मिनिटें ऐकविला. मध्यें विराम नाहीं, आघात नाहीं. तरीही कोणत्या अक्षरामागून कोणतें हमखास येतें आणि कोणतें क्वचित्, हें त्या चिमुकल्या कानांनीं हेरलें! मागाहून ते शब्द आणि शब्दांच्या सांध्यावरील तुकडे निरनिराळे ऐकवितांच बालकें त्या अपरिचित तुकड्यांकडे अधिक वेळ कान देऊं लागलीं. डोळ्यांचीही रीत अशीच असल्याचें पुढें आढळून आलें आहे.

हाच कान पुढें निवड करूं लागतो. वर्कर आणि टीस यांनीं १९८४ सालीं दाखविलें कीं, इंग्रजी घरांतील ६ ते ८ महिन्यांचीं मुलें हिंदींतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद ओळखतात. वर्षाच्या सुमारास मात्र तो बहुतेकांस उमगेनासा होतो. कान बिघडला असें नव्हे. घरांत ज्याचें काम पडत नाहीं, तें त्यानें बाजूस ठेविलें.

तेव्हां आमच्या विद्यार्थ्याचा कान मंद नव्हता. घरचा नियम त्यानें अचूक उचलला होता. शाळेचा नियम निराळा. तो शिकविणें आमचें काम, आणि तें थट्टेनें होत नाहीं.

पालकांसही एक विनंती आहे. इंग्रजीच्या हौसेनें तान्ह्या मुलाशीं चार मोडक्या शब्दांत बोलणें आम्हांस पसंत नाहीं. जी भाषा बोलतांना आईस अडखळावें लागत नाहीं, तीच मुलाच्या कानीं भरपूर पडूं द्यावी. मग ती ‘पाणी’ची असो वा ‘पानी’ची.

हल्लीं आम्ही रोज कांहीं वेळ मोठ्यानें वाचून दाखवितों. मुलें पुस्तकें मिटून ऐकतात. तो मुलगा आतां पुन्हा वाचूं लागला आहे. अजून एखादे वेळीं ‘पानी’ येतें. आम्ही त्यास मध्येंच अडवीत नाहीं.